शेठ म्हणतो गॅस सोडून दे, तेव्हा

अरे, तुझा मेसेज वाचला. तिकडे देशच्या देश एकत्र बसून काही करत नाहीत, मग गच्चीवर मी एकट्याने एसीतला किलोभर गॅस हवेत नाही सोडला तर काय फरक पडणार, असं विचारतोयस. वैताग कळतो मला, शेठ मागे लागलेला असतो की टाइम घालवू नको, नट सैल कर आणि मोकळा हो. पण देशांनी बसून खरंच काही करून दाखवलं असेल ना, तर ते आपल्याच धंद्यातल्या गॅसचं.

1974 ला मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी सांगितलं की सीएफसी, म्हणजे तेव्हाच्या फ्रिज-एसीत आणि स्प्रेच्या डब्यांत असायचे ते गॅस, वर जाऊन ओझोनचा थर खातात. तेव्हा करारबिरार काही नव्हता तरी अमेरिकेत लोकांनी स्प्रेचे डबे घेणं कमी केलं आणि 1978 ला तिथे अशा बहुतेक स्प्रेंवर बंदीच आली. मग 1985 ला अंटार्क्टिकावरचं ओझोनच्या थरातलं भोक जगजाहीर झालं, 1987 ला मॉन्ट्रियल प्रोटोकॉल, म्हणजे असे गॅस बंद करत न्यायचा देशांचा करार. आपण लगेच सही नाही केली हां, आणि बरोबरच केलं असं माझं मत, भारत आणि चीन अडून बसले की घाण श्रीमंत देशांनी केली तर नवीन टेक्नॉलॉजीचा खर्चही त्यांनी उचलावा, त्यातून 1990 ला लंडनमध्ये फंड ठरला आणि 1992 ला आपण आत गेलो. आपल्याकडे एसी मेकॅनिकांच्या ट्रेनिंगला याच फंडातून पैसे येतात.

आता 2018 ची गोष्ट. बंद झालेल्या सीएफसी-11 चं उत्सर्जन परत वाढलेलं दिसलं, हवेच्या मोजणीवरून माग बराचसा पूर्व चीनपर्यंत गेला, कारवाई झाली आणि आकडा खाली आला. म्हणजे कारखाना पकडता येतो. तू चौथ्या मजल्याच्या छज्ज्यावर नट सैल केलास तर तो गॅस हवा मोजणाऱ्या कुठल्या स्टेशनवर दिसणार? तिथे प्रोटोकॉल म्हणजे तूच.

आणि एसीतला आर-410 गॅस ओझोनला लागत नाही म्हणून सोडला तरी चालतो, हे पोरांचं लॉजिक डोक्यातून काढ. त्याचा 1 किलो म्हणजे 100 वर्षांच्या हिशोबाने साधारण 2 टन कार्बन डायऑक्साइड. म्हणून तर 2016 ला रवांडातल्या किगालीत हे गॅसही प्रोटोकॉलच्या यादीत आले, भारताने 2021 ला मान्यता दिली.

कॉम्प्रेसर चालू असेल तर पंप डाऊन कर, गॅस आउटडोअरमध्ये जमा होतो, फुकटचं काम आहे. कॉम्प्रेसर गेलेला असेल तर गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं रिकव्हरी मशीन लागतं, ते महाग असतं, दोघातिघांत मिळून घ्या. दर सीझनला टॉप-अप करून पैसे घेऊ नकोस, गॅस काय पेट्रोलसारखा संपत नाही, लीक शोध. शेठशी भांडू नकोस, कस्टमरलाच लीक दाखव, तो दुरुस्तीचे पैसे देतो बहुतेक वेळा.

आणि आर-32 या एसीतल्या दुसऱ्या गॅसला हात लावताना मशीन त्याच गॅसला चालणारं आहे ना ते बघ, तो पेट घेतो. खिडकी उघडी ठेव.