कम्युनिटी कॉलेजातला प्रोग्रॅम बंद करायचा की नाही, हे ठरवतं कोण? डीन, सेनेट, युनियन की बोर्ड?

तुमचा प्रश्न मला असा समजला: तुम्ही कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात पूर्णवेळ शिकवता. विभागाने यंदा तुम्हाला ॲकॅडमिक सेनेटवर, म्हणजे शिक्षकांच्या प्रतिनिधी सभेवर, पाठवलं आहे. विभागाचा एक सर्टिफिकेट प्रोग्रॅम बंद करायचं डीनच्या मनात आहे. पुण्यात शिकवत होता तेव्हा असले निर्णय वरून यायचे, म्हणून इथे शिक्षकांचं खरंच काही चालतं का, आणि सेनेट, युनियन, बोर्ड यांच्यात कोणाच्या हातात काय आहे, हे तुम्हाला हवं आहे.

चालतं. शेवटचा निर्णय निवडून आलेल्या बोर्ड ऑफ ट्रस्टीजचाच असतो, सेनेटला नकाराधिकार नाही. पण शैक्षणिक बाबतीत बोर्डाने सेनेटशी सल्लामसलत करायलाच हवी असं कायदा सांगतो, आणि सल्लामसलत म्हणजे नेमकं काय हेही लिहून ठेवतो. माझ्या मते शिक्षकांची बाजू लंगडी पडते ती बहुधा मुद्दा चुकीच्या ठिकाणी नेल्यामुळे, नाहीतर योग्य ठिकाणी पण उशिरा नेल्यामुळे.

पुण्यातलं गणित इथे लावू नका. तिकडे संलग्न कॉलेजातल्या प्राध्यापकाला अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यास मंडळातून, विद्वत परिषदेची मान्यता घेऊन, तयार मिळतो. स्वायत्त कॉलेजांची गोष्ट वेगळी. इथे कोर्स लिहिण्यापासून सगळं कॉलेजातच होतं. कोर्सची अधिकृत प्रत, जिला कोर्स आउटलाइन ऑफ रेकॉर्ड म्हणतात, ती तुमच्यासारखे शिक्षक लिहितात, करिक्युलम कमिटी तपासते आणि बोर्ड मंजूर करतं. ज्यांनी कोर्स उभा केला त्यांना तो मोडताना विचारायचं, हे या रचनेतच धरलेलं आहे.

याचा पाया १९८८च्या असेंब्ली बिल १७२५ या राज्याच्या कायद्यात आहे. त्यातून आलेले नियम टायटल ५ च्या, म्हणजे राज्याच्या नियमसंहितेतल्या शिक्षणविषयक भागाच्या, कलम ५३२०० ते ५३२०६ मध्ये आहेत आणि ती पानं एकदा शांतपणे वाचून काढाच. तिथे सेनेटच्या अखत्यारीतले विषय दिले आहेत. कॉलेजात सगळे त्यांना 'टेन प्लस वन' म्हणतात: करिक्युलम आणि प्रीरिक्विझिट, डिग्री-सर्टिफिकेटच्या अटी, ग्रेडिंगची धोरणं, शैक्षणिक प्रोग्रॅमचा विकास, विद्यार्थ्यांची तयारी आणि यश यांबद्दलचे निकष, कारभाराच्या रचनेत शिक्षकांचं स्थान, ॲक्रेडिटेशनमधला (कॉलेजच्या शैक्षणिक मान्यतेतला) शिक्षकांचा सहभाग, शिक्षकांच्या व्यावसायिक विकासाची धोरणं, प्रोग्रॅम रिव्ह्यूची (प्रोग्रॅमच्या ठरावीक आढाव्याची) प्रक्रिया, संस्थेच्या नियोजनाची आणि बजेट बनवण्याची प्रक्रिया. अकरावा विषय म्हणजे बोर्ड आणि सेनेट मिळून जे आणखी ठरवतील ते.

नवव्या आणि दहाव्या विषयात 'प्रक्रिया' हा शब्द आहे, तिकडे लक्ष द्या. बजेट कोणत्या टप्प्यांतून, कोणत्या कमिट्यांतून बनावं यावर सेनेटचं म्हणणं चालतं. तुमच्या विभागाला किती डॉलर मिळावेत, यावर नाही. नवे सेनेटर इथे हमखास अडकतात. रकमेवर भांडायला उभे राहतात आणि व्हाइस प्रेसिडेंट एका वाक्यात त्यांना खाली बसवतात. त्याऐवजी 'ही कपात ठरलेल्या प्रक्रियेतून आली का, आणि कोणत्या तारखेला कोणत्या कमिटीसमोर आली?' असं विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं.

सल्लामसलतीच्या दोन पद्धती आहेत. कोणत्या विषयाला कोणती, हे प्रत्येक डिस्ट्रिक्टने, म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने, आपापलं ठरवलेलं असतं. पहिलीला 'रिलाय प्रायमरिली' म्हणतात. त्यात बोर्डाने सेनेटची शिफारस एरवी मान्यच करायची. नाकारायची तर अपवादात्मक परिस्थितीत आणि सबळ कारण असेल तरच, आणि सेनेटने मागणी केली की ते कारण लेखी कळवायचं. दुसरी पद्धत परस्पर सहमतीची. सहमती झाली नाही तर चालू धोरण तसंच राहतं, मात्र ते चालू ठेवल्याने डिस्ट्रिक्ट कायद्याच्या कचाट्यात सापडत असेल किंवा मोठा आर्थिक फटका बसत असेल तर गोष्ट वेगळी. चालू धोरण नसेल, किंवा असल्या कारणाने बदलावं लागत असेल, तर सहमतीचे प्रामाणिक प्रयत्न फसल्यावर बोर्डाला स्वतः निर्णय घेता येतो. तोही कायदेशीर, आर्थिक किंवा संघटनात्मक अशा सबळ कारणासाठीच.

म्हणून पहिलं काम: तुमच्या डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर बोर्ड पॉलिसी २५१० उघडा. राज्यातल्या बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये स्थानिक निर्णयप्रक्रियेतला सहभाग याच क्रमांकाखाली सापडतो. 'शैक्षणिक प्रोग्रॅमचा विकास' आणि 'प्रोग्रॅम रिव्ह्यूची प्रक्रिया' यांपुढे कोणती पद्धत लिहिली आहे ते पाहून ठेवा. मग ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसीजर ४०२१ शोधा. बहुतेक ठिकाणी प्रोग्रॅम बंद करण्याची कार्यपद्धती तिच्यात असते. प्रोग्रॅम सुरू करणं, बदलणं आणि बंद करणं याबद्दल डिस्ट्रिक्टचं धोरण असलंच पाहिजे, असं टायटल ५ सांगतं. कार्यपद्धती नसेल किंवा दोन ओळींची असेल, तर सेनेटचा पहिला ठराव 'आधी कार्यपद्धती ठरवा, मग या प्रोग्रॅमकडे वळा' असा हवा. तुमच्या प्रोग्रॅमच्या बाजूने भावनिक ठराव करण्यापेक्षा हा ठराव नाकारणं प्रशासनाला फार जड जातं.

आता डीनच्या तोंडून 'बंद' असं ऐकलं तर काय बंद, हे विचारून घ्या, कारण त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात. विद्यार्थी कमी म्हणून या सेमिस्टरचं एक सेक्शन, म्हणजे कोर्सचा एक वर्ग, रद्द करणं हा व्यवस्थापनाचा निर्णय असतो. तिथे फार तर युनियनच्या कराराच्या अटी लागू होतात, सेनेटचा संबंध येत नाही. एखादा कोर्स कॅटलॉगमधून काढणं करिक्युलम कमिटीतून जातं. ही कमिटी सेनेट आणि प्रशासन यांच्या सहमतीने बनलेली असते. आख्खा प्रोग्रॅम बंद करणं मात्र सेनेटसमोर यायलाच हवं. खरी मेख अशी की पहिल्या प्रकाराने तिसरा साधता येतो. सर्टिफिकेटला लागणारा एक कोर्स दोन वर्षं वेळापत्रकात लावलाच नाही, की सर्टिफिकेट पूर्ण करणारे आपोआप घटतात, आणि मग तोच आकडा 'मागणी नाही' म्हणून पुढे ठेवला जातो. हे दरवेळी कोणी मुद्दाम करतं असं नाही; सेक्शन कापताना सर्टिफिकेटची साखळी कोणी पाहत नाही, एवढंच पुरतं.

म्हणून आकडे तुम्ही स्वतः मागवा. कॉलेजच्या संशोधन कार्यालयाकडून किमान तीन, शक्यतो पाच वर्षांचं हे घ्या: प्रत्येक आवश्यक कोर्सची किती सेक्शन्स लावली, कोणत्या वेळी लावली, किती रद्द झाली आणि कधी, सेन्ससच्या दिवशी, म्हणजे सत्राचा साधारण पाचवा भाग उलटल्यावर, किती विद्यार्थी होते, किती जण पास झाले, किती जणांनी सर्टिफिकेट घेतलं. शिवाय हे कोर्स दुसऱ्या कोणत्या डिग्रीत लागतात तेही पाहा, कारण सर्टिफिकेट गेलं तर त्या डिग्रीलाही धक्का बसतो. पैशाचा मुद्दा आला तर एफटीईएसमध्ये बोला. पूर्णवेळ विद्यार्थ्याचं हे माप ५२५ संपर्क तासांचं असतं आणि डिस्ट्रिक्टला मिळणाऱ्या निधीचा मोठा हिस्सा त्यावर ठरतो. प्रोग्रॅम किती एफटीईएस आणतो आणि त्यासाठी शिकवण्याच्या किती पगारी तासांचा खर्च येतो, हे शेजारी शेजारी मांडलं की 'परवडत नाही' याला उत्तर देता येतं, किंवा ते खरं असल्याचं तरी कळतं. खरं असेल तर मान्य करा आणि दाखल विद्यार्थ्यांची सोय मागा. प्रोग्रॅम बंद झाला तरी त्यात असलेल्या विद्यार्थ्यांना तो वेळेत पूर्ण करता यावा, अशी ॲक्रेडिटेशनची अपेक्षा असते. कोणते कोर्स कोणत्या सेमिस्टरला शेवटचे लावणार, याचा तारीखवार आराखडा ठरावातच जोडा.

विद्यार्थी संघटनेला विसरू नका. कोणते कोर्स आणि प्रोग्रॅम सुरू किंवा बंद करावेत, यात विद्यार्थ्यांना सहभागाची संधी द्यावी असं टायटल ५ च्या कलम ५१०२३.७ मध्ये स्पष्ट आहे. त्यांना विचारलेलं नसेल तर प्रक्रिया तिथेच अपुरी ठरते.

युनियनचं काम वेगळं. सामूहिक वाटाघाटींचा हक्क १९७५च्या रॉडा ॲक्टमधून आला, आणि पगार, कामाचा भार, बदली, नोकरकपात हे त्यात येतं. प्रोग्रॅम शैक्षणिकदृष्ट्या असावा का हे सेनेट बोलेल; तो गेल्यावर तुमचं किंवा सहकाऱ्याचं काय, हे युनियन बोलेल. सेनेटच्या सभेत नोकऱ्यांचा विषय काढला की प्रशासन 'हा वाटाघाटीचा विषय आहे' म्हणून चर्चा थांबवतं, आणि शैक्षणिक मुद्दाही त्याच्यासोबत वाहून जातो. दोन्हीकडे एकाच आठवड्यात जा, पण वेगवेगळे कागद घेऊन. तारीख लक्षात ठेवा: पुढच्या वर्षासाठी नियमित शिक्षकांची कपात करायची असेल तर १५ मार्चच्या आत नोटीस द्यावी लागते. त्यामुळे खरी खलबतं नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात होतात. एप्रिलमध्ये जागं होऊन उपयोग नाही.

सभेचं तंत्रही सांभाळावं लागतं, कारण सेनेटला १९५३चा ब्राउन ॲक्ट, म्हणजे राज्याचा खुल्या सभांचा कायदा, लागू होतो. नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावलेला हवा, विशेष सभेचा २४ तास. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही, म्हणून 'इतर विषय' मध्ये हा प्रश्न काढू नका. अध्यक्षांना आधीच लिहून तो कृतीसाठीचा विषय म्हणून लावून घ्या. गुप्त मतदान चालत नाही, कोणी कसं मत दिलं ते नोंदलं जातं. ज्यांची नोकरी अजून कायम झालेली नाही अशा सदस्यांना याचं दडपण येतं, त्यांच्याशी आधी बोला. मात्र सर्वांना ईमेल पाठवून 'रिप्लाय ऑल'वर बहुमत जुळवत बसू नका; सभेबाहेर साखळीने झालेली चर्चा हा कायद्याचा भंग ठरतो. एकेकट्याशी बोलतानाही एकाचं मत दुसऱ्याला सांगत फिरलात तर तोच दोष लागतो. बहुतेक सेनेटमध्ये ठरावाची दोन वाचनं होतात. पंधरवड्यातून एकदा सभा असेल तर पहिलं वाचन, विभागांत चर्चा, दुसरं वाचन यात महिना सहज जातो. जून ते ऑगस्ट बहुतेक ठिकाणी सभा नसतात. उन्हाळ्यात सेनेटच्या वतीने कोण बोलणार, हे उपविधींमध्ये नसेल तर मे महिन्यापूर्वी घालून घ्या.

ठराव एका पानाचा ठेवा. 'ज्याअर्थी' म्हणून तीन-चार कलमं: पॉलिसी २५१० काय म्हणते, ४०२१ मधले कोणते टप्पे झाले आणि कोणते नाहीत, आकडे काय दाखवतात. 'त्याअर्थी' म्हणून एक किंवा दोनच मागण्या, ज्यांची पूर्तता झाली की नाही हे तारीख पाहून सांगता येईल. 'सेनेट तीव्र चिंता व्यक्त करते' असल्या वाक्यावर कोणालाच काही करावं लागत नाही.

प्रशासनाने अभ्यासगट नेमला तर त्यात शिक्षक कोण असावेत, हे डीनने परस्पर ठरवायचं नसतं. शैक्षणिक विषयांवरच्या कमिट्यांवर शिक्षकांची नेमणूक, कॉलेजच्या प्रमुखांशी सल्लामसलत करून, सेनेट करतं. युनियनलाही आपला माणूस सुचवता येतो. डीनने मर्जीतले दोन जण घेऊन 'शिक्षकांना विचारलं' म्हणणं फार सर्रास चालतं. हे पहिल्याच बैठकीआधी लेखी हरकत घेऊन थांबवा. एकदा अहवाल आला की हरकत निव्वळ तक्रार वाटते.

सल्लामसलत चालू असताना आपलं म्हणणं घेऊन थेट बोर्डासमोर जाण्याचा हक्क सेनेटला आहे. सेनेट अध्यक्षांचा अहवाल बोर्डाच्या अजेंड्यावर बऱ्याच ठिकाणी असतोच, त्यात ठराव वाचून दाखवावा. एवढं करूनही बोर्डाने शिफारस डावलली आणि तुमच्याकडे 'रिलाय प्रायमरिली' असेल, तर त्याच आठवड्यात अध्यक्षांच्या सहीने लेखी कारण मागा. ही मागणी सेनेटनेच करायची असते, एकट्या विभागाच्या पत्राला ती ताकद नाही. आणि दोन्ही बाजूंचा नियमांच्या अर्थावरच वाद असेल तर राज्याचं ॲकॅडमिक सेनेट आणि कम्युनिटी कॉलेज लीग मिळून तांत्रिक सहाय्यासाठी येतात. ते आलेले बरे, पण त्यासाठी कॉलेजचे प्रमुख आणि सेनेट अध्यक्ष या दोघांनी मिळून बोलावणं लागतं.