दहा हजार डॉलर, कबुलीजबाब आणि नवे विधेयक

नमस्कार. पुण्याहून एच-वन-बी व्हिसावर सहकुटुंब न्यू जर्सीला येण्याची तुमची तयारी चालू आहे आणि फसवणूक करणाऱ्या परदेशी नागरिकांना अमेरिकेबाहेर काढण्याच्या 'डिपोर्टिंग फ्रॉडस्टर्स ॲक्ट' या विधेयकाची प्रामाणिक माणसाने धास्ती घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे.

धास्ती नको, पण आधी जुना कायदा समजून घ्या, कारण तोही काही मवाळ नाही. फसवणुकीच्या गुन्ह्यात नुकसान 10,000 डॉलरांहून अधिक असेल, तर ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढता येते. 1996 पूर्वी हीच मर्यादा 2,00,000 डॉलर होती. कराचे खोटे विवरणपत्र भरणेही याच सदरात मोडते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली कावाशिमा खटल्यात ठरवले. बनावट अनुभवपत्रावर व्हिसा मागितला, तर कोणताही खटला न होताही प्रवेश कायमचा बंद होऊ शकतो, तेव्हा 'बायोडेटा फुगवून देतो' म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा.

नव्या विधेयकात सरकारची फसवणूक आणि सरकारी मदत लबाडीने घेणे ही हद्दपारीची वेगळी कारणे केली आहेत. त्यांना रकमेची अट नाही आणि दोषी ठरण्याऐवजी नुसती कबुलीही पुरते. मला खटकते ते हेच, कारण प्रकरण मिटवून मोकळे होण्याची आपली सवय इथे अंगाशी येते. गुन्हा कबूल करून तुरुंगवास टळला, शिक्षा स्थगित झाली, तरी इमिग्रेशनच्या हिशेबात ती दोषसिद्धीच असते. हद्दपारीचा धोका अशिलाला सांगणे सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या पडिया निकालापासून फौजदारी वकिलाचे कर्तव्य आहे, तरीही सही करण्यापूर्वी तुम्ही स्वतः विचारा.

आमच्या इमारतीतल्या एक बाई मुलाच्या सरकारी आरोग्य विम्याचा अर्ज मला तपासायला देऊन गेल्या होत्या. त्यात नवऱ्याच्या उत्पन्नाचा रकाना कोरा होता. 'सगळे असेच भरतात,' असे त्यांना कुणी तरी सांगितले होते. मी त्या रकान्यापुढे पेन्सिलने फुली मारली, पगाराच्या पावत्या जोडा म्हटले आणि अर्ज परत केला. पुढचे पंधरा दिवस जिन्यात भेट झाली तरी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.