वाचक विचारतात : कव्हर हरवलेली सात इंची रेकॉर्ड

प्रश्न : काका बोटीवर नोकरीला होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक सात इंची रेकॉर्ड निघाली. कव्हर नाही, मध्ये रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं भोक आहे. लेबलवर गाण्याचं नाव, मुलींच्या एका ग्रुपचं नाव आणि चौकटीत ‘गेमा’ एवढंच कळतं. ग्रुपचं नाव साधा इंग्रजी शब्द असल्याने नेटवर भलतंच काही येतं. हा ग्रुप जर्मन असेल का? कसा शोधायचा?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ‘गेमा’ ही जर्मनीतली गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणारी संस्था. फ्रान्सची ‘सासेम’, इटलीची ‘सियाए’, हॉलंडची ‘स्टेम्रा’, स्वीडनची ‘स्टिम’. रेकॉर्ड कोणत्या देशाच्या बाजारासाठी निघाली, एवढंच या शिक्क्यावरून कळतं. गाणाऱ्या मुली कुठल्या, ते नाही. ‘बकारा’ या ग्रुपच्या दोघी गायिका स्पॅनिश होत्या, पण त्यांची गाणी जर्मनीत तयार झाली.

ग्रुपचं नाव तूर्त बाजूला ठेवा. गाण्याच्या नावाखाली कंसात बारीक अक्षरात एक-दोन आडनावं असतील, ती गीतकार-संगीतकाराची. खरा धागा तिथे आहे. सत्तरच्या दशकातले असे बरेच ग्रुप निर्मात्याने स्टुडिओत जमवलेले असत. म्युनिकच्या ‘सिल्व्हर कन्व्हेन्शन’चं पहिलं गाजलेलं गाणं स्टुडिओतल्या गायिकांनी गायलं आणि रंगमंचावर उभं राहायला तिघींचा संच त्यानंतर बांधला गेला. अशा वेळी ग्रुपचं नाव दोन-तीन रेकॉर्डनंतर नाहीसं होतं, पण संगीतकाराचं नाव पुढेही सापडत राहतं. गेमाची गाण्यांची सूची नेटवर सगळ्यांना खुली आहे. तिथे गाण्याचं नाव आणि आडनाव एकत्र टाका.

आता रेकॉर्ड खिडकीपाशी न्या आणि उजेड तिरपा पडेल अशी धरा. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामध्ये जी गुळगुळीत काळी पट्टी असते, तिच्यावर आकडे-अक्षरं कोरलेली किंवा ठोकलेली दिसतील. हा मॅट्रिक्स नंबर. भिंगाने वाचा आणि दोन्ही बाजूंचा जसाच्या तसा, रेघा आणि मोकळ्या जागांसकट उतरवून घ्या. ‘डिस्कॉग्स’ या नेटवरच्या रेकॉर्डसूचीत नाव न घालता नुसत्या या नंबराने किंवा लेबलवरच्या कॅटलॉग नंबराने शोधता येतं. एकदा नंबर सलग लिहून आणि एकदा जागा सोडून, असं दोन्ही प्रकारे पाहा. बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण लोक ८ च्या जागी बी आणि शून्याच्या जागी ओ वाचतात.

वर्षासाठी लेबलवर वर्तुळातलं ‘पी’ शोधा. ध्वनिमुद्रणांच्या चोरट्या नकला रोखणाऱ्या १९७१ च्या जिनिव्हा करारानंतर हे चिन्ह रुळलं. त्यापुढचं वर्ष ध्वनिमुद्रण पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याचं असतं. तुमची प्रत नंतर छापलेलीही असू शकते. रेकॉर्ड स्पॅनिश असती तर काम आणखी सोपं होतं. तिथे ‘डेपोसितो लेगाल’चा, म्हणजे कायद्याने प्रत जमा केल्याचा नंबर छापतात. त्यातलं पहिलं अक्षर प्रांताचं, एम म्हणजे माद्रिद, बी म्हणजे बार्सिलोना, आणि रेघेनंतरचा शेवटचा आकडा म्हणजे वर्ष.

मोठ्या भोकाचा व्यास ३८ मिलिमीटर असतो. त्यासाठी प्लॅस्टिकचा अडॅप्टर मिळतो. पुठ्ठ्याची चकती कापून चालवू नका. अर्धा मिलिमीटर जरी ती एका बाजूला सरकली, तरी सूर प्रत्येक फेऱ्याला वर-खाली डुलतो.

प्रश्न : अशीच एक युरोपियन रेकॉर्ड ४५ वर लावली, तर मुलींचे आवाज पुरुषी येतात. मोबाइलवरचं गाणं ओळखणारं अ‍ॅपही काही सांगत नाही. टर्नटेबल भावाने अमेरिकेहून आणलं आहे, ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला आहे.
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. जुन्या बेल्ट टर्नटेबलची मोटर बहुधा विजेच्या लयीवर फिरते, त्यामुळे ४५ ऐवजी मिनिटाला ३७.५ फेरे होतात. खात्री करून घ्या. लेबलच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवा, सुई रेकॉर्डवर ठेवा आणि दोन मिनिटांत किती फेरे होतात ते मोजा. ९० हवेत, ७५ भरले तर दोष हाच. काळी पाचमधलं गाणं तेव्हा पांढरी पाचच्याही किंचित खाली ऐकू येतं. अ‍ॅप मूळ ध्वनिमुद्रणातल्या कंपनसंख्या आणि त्यांच्यातलं अंतर ताडून पाहतं, म्हणून ते गप्प बसतं.

पक्का उपाय म्हणजे त्याच मॉडेलची ५० हर्ट्झची पुली, म्हणजे मोटरवरची बेल्ट फिरवणारी चकती. तिचा व्यास मूळ पुलीच्या १.२ पट असतो. ती मिळेपर्यंत गाणं कॉम्प्युटरवर घ्या. सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा फोनो प्रीअँप मध्ये हवाच, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका आणि फाइल वेव्हमध्ये ठेवा. मग ‘ऑडॅसिटी’ या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग १.२ पट करा. नुसती पट्टी किंवा नुसती लय बदलणारे पर्याय इथे कामाचे नाहीत. दोन्ही एकदमच बदलायला हवं. रेकॉर्ड कापताना कमी-जास्त केलेले खर्ज आणि तार स्वर प्रीअँप पूर्ववत करतो, पण ही भरपाई मूळ वेगाला धरून असते, त्यामुळे स्वराचा पोत थोडा वेगळा राहील, पण अ‍ॅपला ओळखायला तेवढं पुरतं. स्पीकरमधून घूं असा आवाज येत असेल, तर टर्नटेबलची अर्थची बारीक वायर प्रीअँपच्या स्क्रूला जोडलेली आहे का ते आधी बघा.

प्रश्न : पावसाळ्यात रेकॉर्डवर पांढरी बुरशी आली आहे.
– एक वाचक, कोपरी

उत्तर : बुरशी असताना वाजवू नका, सुई ती खाचेत आणखी दाबते. आधी गॅलरीत, नाकाला फडकं बांधून, मऊ ब्रशने कोरडीच झाडा. मग ४०० मिली डिस्टिल्ड वॉटर, १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब असं मिश्रण करा. बरणीचं झाकण लेबलवर दाबून धरा, म्हणजे कागद भिजत नाही. ओल्या ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवं घासू नका. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन सावलीत उभी वाळवा. नळाचं पाणी वाळल्यावर क्षार खाचेत ठेवून जातं आणि तेच मग कडकडतात.

आजोबांच्या ७८ च्या रेकॉर्डला हे मिश्रण चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या आहेत आणि अल्कोहोलने लाख विरघळते.

आतलं जुनं कागदी पाकीट टाकून द्या, बुरशी तिथूनच परत येते. नवं पाकीट पॉलिथीनचं घ्या. मऊ पीव्हीसीच्या पिशवीतला तेलकट अंश रेकॉर्डवर उतरतो आणि तो ढगाळ डाग पुन्हा निघत नाही.

प्रश्न : १९७८ ची रेकॉर्ड आहे, नेटवर कुठेच नाही. मी यूट्यूबवर टाकली तर चालेल?
– एक वाचक, बेलापूर

उत्तर : नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे २०३८ अखेरपर्यंत असतो. युरोपात तो ७० वर्षांचा आहे. पण दोन्ही लेबलांवरचा मजकूर, मॅट्रिक्स नंबर आणि संगीतकारांची नावं डिस्कॉग्समध्ये जरूर भरा. तिथे ती नोंद नसेल, तर तुमचीच पहिली ठरेल.