मागचे बुश आवळले तेव्हा चाकं लोंबकळत होती का?

तुमचं वर्णन वाचलं आणि माझीच जुनी कटकट आठवली. तुम्ही लिहिलंय, जुनी गाडी, मागचे आर्म (ॲक्सलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे) घरीच उतरवून त्यांच्या सांध्यांत नवीन रबरी बुश टाकले, सगळं होतं तसं बसवलं आणि आता मागची बाजू उगाच उचललेली दिसते, छोट्या खड्ड्यातही करकर वाजते, आणि गॅरेजवाला म्हणतो शॉकअप बदला. थांबा, शॉकअप इतक्यात घेऊ नका. आधी एवढंच सांगा, बुशचे बोल्ट शेवटचे आवळले तेव्हा चाकं हवेत होती का?

बहुतेक होतीच. मीही तेच केलं होतं. गाडी स्टँडवर, ॲक्सल खाली लटकलेला, पाना फिरवायला ऐसपैस जागा, मग काय, टॉर्क रेंच (ठरवलेला जोर लागला की वाजणारा पाना) कट्ट वाजेपर्यंत एकेक बोल्ट आवळला आणि वर स्वतःवरच खूश. आकडा मॅन्युअलचा, नट नवे, सगळं बरोबर. फक्त गाडी चुकीच्या उंचीवर.

रबरी बुशच्या मध्ये लोखंडी नळी असते, बाहेर कवच आणि दोन्हींना घट्ट चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जाम होते, ती फिरत नाही. आर्म वरखाली होतो तेव्हा रबरच पिळलं जातं. म्हणजे ज्या जागी आवळलं ती रबराची आरामाची जागा. लटकलेलं आवळलं की गाडी खाली टेकवल्याबरोबर रबराला पीळ, नुसती उभी असली तरी पीळ, आणि खड्ड्यात त्यावर आणखी पीळ. माझ्या गाडीत लटकलेल्या आणि टेकवलेल्या स्थितीत जवळपास १० सेंटीमीटरचा फरक होता. रबर परत सरळ व्हायला बघतं म्हणून गाडी मागून उचललेली दिसते. मग ते फाटतं आणि गाडी आपोआप खाली बसते, तेव्हा आपल्याला वाटतं चला, सेट झाली एकदाची!

मला हे कळायला ५ महिने लागले कारण मधे मी एका वर्कशॉपच्या नादी लागलो. नाव घेत नाही. तिथे चारही चाकांच्या अलाइनमेंटचं बिल लावलं, माझ्या गाडीला मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा), तिथे ॲडजस्ट करायला काही नसतंच, आणि हे दोनदा! मग म्हणाले शॉकअप गेलेत. बरं, बदलले. आवाज तसाच. मग म्हणे जुन्या गाडीत एवढं चालायचंच. एवढ्या दिवसांत एकानेही खाली वाकून टॉर्च मारला नाही. शेवटी मीच चटई टाकून आत घुसलो तर नव्या बुशच्या रबराला चंद्रकोरीसारखी चीर, बोटाचं नख आत जाईल एवढी.

तुमचे बुश अजून फाटले नसतील तर वाचतील. गाडी चारही चाकांवर वजन देऊन उभी पाहिजे, रॅम्पवर घेतली तर उत्तम. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा. मग आर्मचे पिव्होटचे, म्हणजे बुशमधून जाणारे, बोल्ट ढिले करा, काढायचे नाहीत, नळी सुटेल इतकेच. मागचा भाग एक-दोनदा दाबून सोडा, बसू द्या, आणि तिथेच टॉर्कला आवळा. ॲक्सलला आडवा रॉड असेल तर त्याचे बुशही असेच, तो सगळे विसरतात. रॅम्प नसेल तर हबच्या (चाकाच्या तुंब्याच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर गाडी जमिनीवर असताना मोजून ठेवा आणि आर्मखाली जॅक लावून तेवढंच अंतर आणा. पण गाडी स्टँडवरून उचलली जायला लागली तर लगेच थांबा, असल्या गाडीखाली हात घालायचा नाही म्हणजे नाही.

मी मेकॅनिक नाही, एका गाडीवर शिकलोय, तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर तेच ऐका. पॉलियुरेथेनचे बुश टाकले असतील तर हे फारसं लागू नाही, त्यात नळी आत फिरते, त्यांना ग्रीस लागतं. रबराला मात्र साधं ग्रीस किंवा ऑइल लावून बसवू नका, रबर फुगतं, साबणाचं पाणी पुरतं.

आणि एक, मागचा भाग उचलल्यावर हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका. बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना असतो आणि ती तर हवेत. काही जुन्या गाड्यांत ॲक्सलवरून ब्रेकच्या व्हॉल्व्हला एक दांडी जाते, ती काढली असेल तर होती त्याच भोकात परत लावा, नाहीतर मागचे ब्रेक कमीजास्त लागतील.

माझे काढलेले जुने शॉकअप अजून कपाटामागे पडलेत. परवा हाताने दाबून बघितले, दोन्ही ठणठणीत.