रिप्ले म्हणजे रुजवात, आणि रुजवात म्हणजे पेरणी नव्हे

गंगापूर रोडवरच्या एका तरुण वाचकाचा प्रश्न: 'ब्लॉकचेनच्या नोड सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका लिहितोय. नोड (साखळीची वही सांभाळणारा संगणक) जुने ब्लॉक (त्या वहीतले नोंदींचे गठ्ठे) पहिल्यापासून परत चालवतो, त्या रिप्लेला पुनर्प्रक्षेपण म्हणू का? आणि तो ठरावीक ब्लॉकला थांबवायच्या सेटिंगला काय म्हणावं?'

पुनर्प्रक्षेपण नको, ते टीव्हीवरच्या क्रिकेटला ठीक. नोड काही दाखवत नसतो. वहीतली एकेक नोंद पुन्हा करत तो शिल्लक नव्याने काढतो. या कामाला आपल्याकडे जुना, कमावलेला शब्द आहे: रुजवात.

हल्ली हा शब्द ऐकला की लोकांना बी-बियाणं आठवतं. गोदाघाटावर कुठलाही कार्यक्रम असो, निवेदक 'संस्कारांची रुजवात' करून मोकळे होतात. रुजवण म्हणा ना, पेरणी म्हणा! रुजवात म्हणजे मूळ कागदाशी घातलेला ताळा. कोर्टाची एखादी जुनी नक्कल काढून बघा, खाली 'नक्कल करणार' आणि 'रुजवात घेणार' अशा दोन वेगळ्या सह्या दिसतील. एकाने उतरवायचं, दुसऱ्याने मुळावर बोट ठेवून ओळ न् ओळ ताडायची. जुन्या सनदांवरचा 'रुजू सुरनिवीस' (सुरनिवीस म्हणजे दफ्तराचा अधिकारी) हा शेरा याच कुळातला.

मूळ अरबी 'रुजूअ', म्हणजे परत जाणं. आता खरी गंमत बघा. 'सुरुवात'च्या मुळाशी अरबी 'शुरूअ' आहे. दोन्हींच्या शेवटी तोच कंठ्य वर्ण, दोन्हींना तहकिकात-खैरातमधलं तेच 'आत' लागलं आणि मराठी जिभेने मध्ये 'व' घातला. शुरूअची सुरुवात, रुजूअची रुजुवात. माझं ठाम मत आहे की या जुळेपणामुळेच लोक रुजवातीला सुरुवातीच्या अर्थाने वापरू लागले आणि 'रुजणे' या धातूने त्यात भर घातली. 'अर्थ बदलतात, बदलू द्या' म्हणणाऱ्या भाषातज्ज्ञांना माझा सवाल आहे: पेरणीला आपल्याकडे शब्द कमी होते का? ताळ्याचा एक नेमका शब्द मात्र तुमच्या उदारपणामुळे हातचा जातोय. शिवाय नोड करतो ते हेच: सुरुवातीच्या ब्लॉकपाशी परत जाऊन रुजवात.

राहिलं थांबणं. 'पर्यंत' वापरू नका, तो आकडा धरायचा की सोडायचा यावर वाद होतो. हिशेबातला शब्द 'अखेर'. '३१ मार्च अखेर' म्हटलं की ३१ तारीख आत धरलेली असते. ईओएसआयओ या ब्लॉकचेन सॉफ्टवेअरच्या नोडिओस या नोड-प्रोग्राममध्ये 'टर्मिनेट-ॲट-ब्लॉक' हा पर्याय दिलेल्या ब्लॉकला पोचल्यावर नोड बंद करतो, शून्य ठेवलं तर मर्यादाच नाही. त्याला 'रुजवात-अखेर ब्लॉक' म्हणा. शेजारचा 'ट्रंकेट-ॲट-ब्लॉक' वेगळा. तो हार्ड रिप्लेत, म्हणजे ब्लॉकांची नोंदवहीच सावरून घेताना, त्या आकड्याला थांबतो आणि पुढचे ब्लॉक नव्या वहीत येत नाहीत. तिथे 'छाट' हाच शब्द हवा. दोन्हींना 'समाप्ती' लिहिलंत तर वाचणारा भलतीच वही छाटून बसेल.

बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या नोड सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक ब्लॉकला थांबण्यासाठी 'स्टॉपॲटहाइट' हा पर्याय आहे. तिथे नोड बंद होता होता पुढचे काही ब्लॉकही घेतले जाऊ शकतात, म्हणून 'अखेर' लिहून खाली तशी टीप द्या.