गेमिंग फोन घेऊन देऊ का?

कराडजवळच्या एका गावातून एसटीत वाहक असलेल्या वडिलांचं पत्र आलंय. मुलगा अकरावी सायन्सला, दहावीला ८१ टक्के. हल्ली रात्री दीड-दोनपर्यंत पांघरूण डोक्यावर घेऊन बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा गेम खेळतो. आतून ‘रिव्हाइव्ह कर, रिव्हाइव्ह कर’ असा दबका आवाज येत राहतो. ई-स्पोर्ट्समध्ये, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांमध्ये, करिअर करायचंय म्हणतो आणि त्यासाठी ५५ हजारांचा गेमिंग फोन मागतो. मेहुण्यांचा सल्ला, आहे तो फोनही फोडून टाका. वडील विचारतात, ‘सर, याला काम म्हणायचं की नाद?’

सप्रेम नमस्कार.

फोन फोडू नका आणि नवा घेऊही नका. आधी हातातला फोन एकदा शांतपणे बघा. हा खेळ काही काळ बंद राहून २०२३ मध्ये आपल्याकडे परत आला, तेव्हा अठरा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली गेली. चिरंजीव त्याहून जास्त खेळत असतील तर खात्यावर बहुधा दुसऱ्याच कुणाची जन्मतारीख आहे. ती तुमचीही असू शकते. ड्युटीवर असताना ‘पप्पा, एक ओटीपी आलाय तो सांगा’ असा फोन आला होता का, आठवून पाहा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या वडिलांना हे विचारल्यावर हसू फुटतं. सोबत बँकेचं पासबुकही भरून घ्या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे, त्यातलं काही निघालं तर मात्र तिथे समजूत घालत बसू नका, सरळ बंद करा.

आता जेवणाचं. ‘जेवायला हाक मारली तरी उठत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. एक मॅच साधारण अर्धा तास चालते आणि चौघांचा संघ असतो. हा मधेच उठला की उरलेले तिघं खेळात मरतात आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात शिव्या देतात. तेव्हा हाक मॅच सुरू व्हायच्या आधी मारा. ‘ही संपली की ताटावर ये’ एवढं म्हणून पाहा. उपासाची वेळ येणार नाही. रात्री अकराला मात्र फोन तुमच्या उशाशी. पहाटेच्या गाडीला तुम्हाला चारला उठायचं असतं, त्यामुळे ही अट तुमच्या तोंडी शोभेलही. (महिनोन् महिने कॉलेज, मित्र, झोप सगळंच सुटलं असेल तर माझ्याकडे नको, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. पत्रावरून तसं वाटत नाही.)

करिअरचं विचारलंत. ई-स्पोर्ट्स हे थोतांड नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये त्याला मान्यता दिली, २०२३ च्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकं होती. मेहुण्यांना हे जरूर सांगा. पण मुलाला दुसरी बाजू सांगा. तुमचा भाग कुस्तीचा. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं, तरी पोटासाठी पोलिसातली नोकरी होतीच. आणि कुस्ती निदान कुणाच्या मालकीची नव्हती. या खेळाला मालक आहे. पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय म्हणून आला, जुलै २०२२ मध्ये प्ले स्टोअरवरून गायब झाला, मे २०२३ मध्ये परत आला. ज्यांनी कॉलेज सोडून याच्यावर सगळं लावलं होतं, त्यांची तालीमच दुसऱ्याने कुलूप लावून बंद केली. शिवाय विशीच्या मध्यावर बोटं मंदावतात आणि मागे सोळा वर्षांची पोरं उभीच असतात. म्हणून खेळाडू व्हायला मी नाही म्हणत नाही, पण त्यासाठी बारावी सोडायला साफ नाही म्हणतो.

छंद म्हणून खेळत असेल तर खेळू दे. सगळ्याच आवडींनी पगार आणायला हवा असं कुणी सांगितलंय? तुम्ही भजनात पखवाज वाजवता असं लिहिलंय, त्याचे किती मिळतात?

मला वेगळंच वाटतंय. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की वहीच्या मागच्या पानांवर तो नकाशे काढतो, ‘इथे घर हवं होतं, इथे पूल चुकलाय’ असं लिहितो. पत्रातली सर्वांत कामाची ओळ तीच. हे खेळाडूचं लक्षण नाही, खेळ बनवणाऱ्याचं आहे. आणि ते काम आपल्याकडे होतं. ‘राजी’ हा २०२० मध्ये आलेला गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीने केला, ‘इंडस’ही पुण्याचाच, यूबीसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीचं ऑफिस पुण्यात २००८ पासून आहे. तिथे कुणी तुमची रँक विचारत नाही, काय बनवलंय ते दाखवा म्हणतात.

तेव्हा ५५ हजारांऐवजी वीसेक हजारांचा वापरलेला लॅपटॉप बघा. त्यावर ‘गोदो’ नावाचं गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट चालतं. मुलाला तीन आठवड्यांचं काम द्या: एक चेंडू, तीन खड्डे, बटण दाबलं की चेंडूने उडी मारायची. बस. उडी कमानीसारखी हवी असेल तर अकरावीच्या फिजिक्समधले व्हेक्टर आणि प्रक्षेप्य गती उघडावी लागेल, आणि तो धडा तो स्वतःहून उघडतो का एवढंच तुम्ही लांबून बघा.

उघडला तर पुढचे रस्ते आहेत. प्रोग्रॅमिंग आवडलं तर सीईटी देऊन कॉम्प्युटर इंजिनीअरिंग. नकाशे, रंग, गोष्ट यात जीव रमला तर बारावीला यूसीड द्यायची. ही परीक्षा मुंबई आयआयटी घेते, साधारण जानेवारीत असते, कुठलीही शाखा चालते. तिथून बी.डेस., म्हणजे डिझाइनची पदवी, करता येते. गेम डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या (एनआयडी) बंगळूरू केंद्रात आहे. खासगी संस्था ‘१०० टक्के प्लेसमेंट’ म्हणून लाखांत फी सांगतील. आधी तिथल्या मागच्या वर्षीच्या मुलांनी बनवलेले गेम बघायला मागा, दाखवत नसतील तर चहा पिऊन परत या.

तीन आठवड्यांनी मला कळवा. चेंडू खड्ड्यात पडत असला तरी कळवा, आणि वहीतल्या त्या पानांचा फोटो पाठवायला त्याला सांगा. पूल कुठे चुकलाय ते मलाही बघायचंय.