वांग्याला युरिया देताना

भावा, मोहोळकडचं काळं रान पाणी धरून ठेवतं. युरिया फोकून लगेच पाट भरून पाणी सोडलंस, की मुळांचा श्वास कोंडतो. मग मातीतले जिवाणू नत्राचा नायट्रस ऑक्साइड करून हवेत सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट पृथ्वी तापवतो. आणि उडतो तो तुझाच पैसा, युरियात ४६ टक्के नत्र असतं रे!

ठिबक असेल तर युरिया विरघळवून दर आठवड्याला थोडा थोडा दे. नसेल तर एकाआड एक सरी भिजव. मोटार चालू करण्याआधी वीतभर खालची माती मुठीत दाबून बघ. गोळा होऊन बोटांना चिकटली, तर त्या दिवशी पाणी नको. शेणखत पुरतं कुजलेलंच घाल.